गणपतराव देशमुख

गणपतराव देशमुख (जन्म : १० ऑगस्ट १९२६, पेनूर, ता. मोहोळ, जि. सोलापूर, मृत्यू : ३० जुलै २०२१, सोलापूर) हे महाराष्ट्रातील शेतकरी कामगार पक्षाचे ज्येष्ठ नेते आणि सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघाचे विधानसभा सदस्य होते. १९६२ ते २०१४ या काळात ते सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले. महाराष्ट्र विधानसभेचे विरोधी पक्षनेतेपद त्यांनी भूषविले, तसेच दोन आघाडी सरकारांत ते मंत्री होते. हे दोन कालखंड सोडले, तर सुमारे पन्नास वर्षांची त्यांची संसदीय कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. कार्यकर्ते व मतदार त्यांना ‘आबासाहेब’ म्हणत. पक्षाच्या रिवाजाप्रमाणे त्यांचा उल्लेख ‘भाई गणपतराव देशमुख’ असाही होतो.

पक्षाची पार्श्वभूमी

शेतकरी कामगार पक्षाची (शेकाप) मुळे स्वातंत्र्याच्या सुमाराच्या काँग्रेसमध्ये आहेत. केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृती बहुजन समाजातील नेत्यांनी १९४७ साली काँग्रेसअंतर्गत शेतकरी कामगार संघ स्थापन केला आणि पुढे त्याचे स्वतंत्र पक्षात रूपांतर झाले. नाशिक जिल्ह्यातील दाभाडी येथे १९५० साली पक्षाने स्वीकारलेला ‘दाभाडी प्रबंध’ ही त्याची मार्क्सवादी वैचारिक बैठक मानली जाते. जेधे व मोरे पुढे काँग्रेसमध्ये परतले; तथापि ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक तरुण कार्यकर्ते पक्षातच राहिले. उद्धवराव पाटील, कृष्णराव धुळूप, दत्ता पाटील, एन. डी. पाटील आणि दि. बा. पाटील हे या पिढीतील ठळक नेते होत. कायद्याचे शिक्षण घेतलेले गणपतराव देशमुख याच पिढीचे. त्यांनी अखेरपर्यंत पक्ष बदलला नाही.

सांगोला मतदारसंघ

सांगोला तालुका सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस, पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. भीमेची उपनदी असलेली माण नदी तालुक्यातून वाहते, परंतु वर्षाचा बराच काळ तिचे पात्र कोरडे असते. शेजारचे आटपाडी, जत, कवठे महांकाळ व मंगळवेढा हे तालुकेही अवर्षणप्रवण आहेत. ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती, जनावरे आणि वारंवार पडणारा दुष्काळ ही या भागाची जुनी ओळख. सिंचनाखालील पट्ट्यांत साखर कारखान्यांभोवती जशी काँग्रेसची भक्कम बांधणी झाली, तशी येथे होण्यास फारसा वाव नव्हता. दुष्काळी कामे, चारा, पिण्याचे पाणी आणि शेतीचे पाणी या मागण्यांभोवती येथे शेकापची संघटना उभी राहिली.

विधानसभेतील वाटचाल

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतरची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ साली झाली. काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. १५ जागा मिळवून शेकाप विरोधकांतील सर्वांत मोठा पक्ष ठरला. सांगोल्याचे गणपतराव देशमुख याच निवडणुकीत प्रथम विधानसभेत आले. १९६७ साली ते पुन्हा विजयी झाले. १९७२ च्या काँग्रेस लाटेत त्यांचा पराभव झाला. परंतु १९७४ च्या पोटनिवडणुकीत त्यांनी जागा परत मिळविली. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० या चारही निवडणुका त्यांनी जिंकल्या. १९९५ साली काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी अत्यल्प मताधिक्याने त्यांचा पराभव केला. १९९९, २००४, २००९ आणि २०१४ या निवडणुकांत ते पुन्हा सलग निवडून आले. अकराव्या विजयाच्या वेळी त्यांचे वय ८८ वर्षे होते.

विरोधी पक्षनेतेपद

विधानसभेतील विरोधी पक्षांपैकी सर्वाधिक सदस्य असलेल्या पक्षाच्या नेत्याला अध्यक्ष सर्वसाधारणपणे विरोधी पक्षनेता म्हणून मान्यता देतात. राज्यस्थापनेनंतरची बरीच वर्षे हा मान शेकापकडे राहिला. १९६२ पासून कृष्णराव धुळूप आणि १९७२ पासून दि. बा. पाटील हे विरोधी पक्षनेते होते. १९७२ साली शेकापचे केवळ ७ सदस्य निवडून आले होते, तरीही अन्य कोणत्याही विरोधी पक्षाचे बळ त्याहून अधिक नव्हते.

आणीबाणीनंतर मार्च १९७७ मध्ये झालेल्या लोकसभा निवडणुकीत दि. बा. पाटील कुलाबा मतदारसंघातून खासदार झाले. त्यांच्या जागी गणपतराव देशमुख विरोधी पक्षनेते झाले व फेब्रुवारी १९७८ च्या विधानसभा निवडणुकीपर्यंत त्या पदावर राहिले. विरोधी पक्षनेत्यांचे वेतन व भत्ते निश्चित करणारा राज्याचा कायदा १९७८ सालचा आहे. त्यापूर्वी हे पद प्रामुख्याने सभागृहाच्या परंपरेवर चालत असे, आणि ती परंपरा रुजविण्यात शेकापच्या या तीन नेत्यांचा वाटा मोठा आहे.

याच सुमारास, १९७७ साली, महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम संमत झाला. वि. स. पागे यांनी मांडलेली ही योजना १९७२ च्या दुष्काळात विस्तारली होती. मागेल त्याला काम मिळणे हा कायदेशीर हक्क ठरावा, ही दुष्काळी भागातील डाव्या व समाजवादी चळवळींची मागणी होती. सांगोल्यासारख्या तालुक्यांत या कायद्याचा अर्थ थेट होता. पाऊस चुकला की रोजगार हमीच्या कामावर अनेक कुटुंबांची चूल अवलंबून असे.

सत्तेतील दोन कालखंड

जुलै १९७८ मध्ये वसंतदादा पाटील यांचे सरकार कोसळून शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) सरकार आले. शेकाप त्यात सहभागी झाला आणि देशमुख मंत्री झाले. फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्र सरकारने पुलोद सरकार बरखास्त केले.

दुसरी संधी १९९९ साली आली. काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांच्या लोकशाही आघाडीने विलासराव देशमुख यांच्या नेतृत्वाखाली सरकार स्थापन केले, त्यास ५ आमदारांच्या शेकापने साथ दिली आणि गणपतराव पुन्हा मंत्रिमंडळात आले. रायगड जिल्ह्यात मात्र शेकाप व राष्ट्रवादी काँग्रेस हे परस्परांचे प्रतिस्पर्धी होते. रायगड जिल्हा परिषदेतील सत्तेवरून हा संघर्ष विकोपास गेला आणि जून २००२ मध्ये शेकापने सरकारचा पाठिंबा काढून घेतला. त्या महिन्यात विलासराव देशमुख यांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. शेकाप पुन्हा विरोधी बाकांवर गेला. रायगडमधील पक्षाच्या अस्तित्वाच्या प्रश्नामुळे सांगोल्याच्या आमदाराचे मंत्रिपद गेले. लहान पक्षाच्या नेत्याला मिळालेली सत्ता किती परावलंबी असते, याचे हे उदाहरण आहे.

पाण्याचा प्रश्न

देशमुखांच्या राजकारणाचा गाभा पाणी हा होता. कृष्णा पाणीतंटा लवादाने (बच्छावत आयोग) महाराष्ट्राच्या वाट्यास ५६० टीएमसी पाणी दिले होते, आणि ३१ मे २००० नंतर निवाड्याच्या फेरविचाराची तरतूद होती. तोपर्यंत आपल्या वाट्याचे पाणी अडविले नाही, तर त्यावरील हक्क दुबळा होईल, अशी भीती राज्यात होती. प्रश्न केवळ अडविण्याचा नव्हता. अडविलेले पाणी नदीकाठच्या बागायतीलाच मिळणार की घाटमाथ्यावरील कोरडवाहू गावांनाही, हा त्यातला खरा वाद होता.

नव्वदच्या दशकात स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडी येथे पाणी परिषदा भरू लागल्या. सातारा, सांगली व सोलापूर जिल्ह्यांतील १३ दुष्काळी तालुक्यांची ही चळवळ होती. नायकवडी, गणपतराव देशमुख आणि श्रमिक मुक्ती दलाचे भारत पाटणकर हे तिचे प्रमुख नेते होत. समन्यायी पाणीवाटप, म्हणजे जमीन कोठे आहे यावर नव्हे तर माणसाच्या गरजेवर आधारलेले वाटप, ही तिची मुख्य मागणी होती.

सांगोल्याला कृष्णेचे पाणी दोन उपसा सिंचन योजनांतून मिळते. टेंभू योजना कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडी या तालुक्यांच्या बाजूने सांगोल्याकडे आणते; म्हैसाळ योजना मिरज तालुक्यातून कवठे महांकाळ व जतमार्गे या भागाकडे येते. कृष्णा खोरे विकास महामंडळ १९९६ साली स्थापन झाल्यानंतर या कामांना वेग आला. तरीही टप्प्याटप्प्याने पाणी वर चढवायचे असल्याने वीजबिलांचा भार, अपुरे कालवे आणि अनियमित आवर्तने हे प्रश्न कायम राहिले. देशमुख सभागृहात निधी व आवर्तनांसाठी पाठपुरावा करीत आणि सभागृहाबाहेर परिषदा व मोर्चांतून दबाव ठेवीत. निर्णय मात्र सत्ताधाऱ्यांच्या हाती असत. त्यामुळे पाणी आले, पण एका पिढीचा काळ लोटल्यावर.

सहकार आणि राहणीमान

कापूस न पिकणाऱ्या सांगोला तालुक्यात देशमुखांच्या नेतृत्वाखाली शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली. शेतीवर वर्षभर काम नसलेल्या भागात कारखान्यातील नियमित रोजगार हा तिचा मुख्य लाभ होता. राज्यातील अनेक सहकारी सूतगिरण्या तोट्यात जाऊन बंद पडत असताना ही गिरणी चालू राहिली. याच काळात ठिबक सिंचनावरील डाळिंबाची लागवड वाढून सांगोला डाळिंबासाठी प्रसिद्ध झाला.

साधी राहणी आणि एसटी बसने केलेला प्रवास यांसाठी देशमुख ओळखले जात. राज्यातील राजकारणात पैशाचा वापर वाढत गेला, त्या काळात मतदारांच्या दृष्टीने या गोष्टीला राजकीय अर्थ प्राप्त झाला.

पक्षाची घट

देशमुख निवडून येत राहिले, तरी त्यांचा पक्ष आक्रसत गेला. विधानसभेतील शेकापच्या जागा पुढीलप्रमाणे होत्या :

१९६२ – १५
१९६७ – १९
१९७२ – ७
१९७८ – १३
१९८० – ९
१९८५ – १३
१९९० – ८
१९९५ – ६
१९९९ – ५
२००४ – २
२००९ – ४
२०१४ – ३

१९९० नंतर विरोधी पक्षाची जागा शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांनी घेतली. सहकारी संस्थांच्या बळावर काँग्रेसने शेकापचे अनेक कार्यकर्ते आपल्याकडे ओढले आणि पक्ष प्रामुख्याने रायगड जिल्हा व सांगोला यांपुरता उरला. सांगोल्यातील यशामागे पक्षाच्या राज्यव्यापी शक्तीपेक्षा गावोगावची जुनी संघटना, सूतगिरणी आणि देशमुखांविषयीचा व्यक्तिगत विश्वास ही कारणे अधिक होती.

विक्रमाविषयी

सर्वाधिक वेळा विधानसभेवर निवडून येण्याचा देशातील विक्रम देशमुखांच्या नावावर असल्याचे अनेकदा लिहिले जाते. हे विधान जपून वापरावे लागते. तमिळनाडूचे एम. करुणानिधी तेरा वेळा विधानसभेवर निवडून आले, परंतु वेगवेगळ्या मतदारसंघांतून. केरळचे के. एम. माणी हे पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा विजयी झाले. अकरा विजयांचा देशमुखांचा विक्रम महाराष्ट्रातील आहे. आणि हे सर्व विजय एकाच मतदारसंघातून व एकाच पक्षाकडून मिळविलेले आहेत, हे त्याचे वेगळेपण होय.

अखेरची वर्षे आणि वारसा

वयोमानामुळे देशमुखांनी २०१९ ची निवडणूक लढविली नाही. त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना शेकापने उमेदवारी दिली. शिवसेनेचे शहाजीबापू पाटील यांनी त्यांचा ७६८ मतांनी पराभव केला. ३० जुलै २०२१ रोजी गणपतराव देशमुख यांचे सोलापूर येथे निधन झाले. २०२४ च्या निवडणुकीत त्यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडून सांगोल्यात विजयी झाले. त्या विधानसभेत ते पक्षाचे एकमेव आमदार आहेत.

विरोधी पक्षात राहून मतदारसंघासाठी किती करता येते, या प्रश्नाचे उत्तर देशमुखांच्या कारकिर्दीत दोन्ही बाजूंनी मिळते. सातत्याने लावून धरलेली मागणी सत्ताधाऱ्यांना दीर्घकाळ टाळता येत नाही, हे टेंभू व म्हैसाळ योजनांच्या पाण्याने दाखविले. मात्र त्या पाण्यासाठी किती काळ थांबावे लागेल, हे ठरविणे विरोधकाच्या हाती नसते. मतदारसंघ राखता आला, तरी पक्ष वाढविता आला नाही, ही या कारकिर्दीची दुसरी बाजू होय.