विश्लेषण : काटोलला आलेले टोळ खाता आले असते का?

मे २०२० मध्ये मध्य प्रदेशातून आलेली टोळधाड विदर्भात शिरली. नागपूर जिल्ह्यातील काटोल, पारशिवनी तालुक्यांत शेतकऱ्यांनी डबे-ताटे वाजवून, धूर करून टोळ हाकलले. कृषी विभागाने कीटकनाशक फवारले. जगात अनेक ठिकाणी टोळ खाल्ले जातात. मग आपल्याकडे का नाही?

कीटक खाणे आपल्याला नवे आहे का?

नाही. गडचिरोलीच्या भामरागड भागातील माडिया आणि शेजारच्या बस्तरमधील आदिवासी लाल मुंग्यांची चटणी खातात. बस्तरात तिला ‘चापडा’ म्हणतात. या मुंग्या झाडाची पाने जोडून घरटे करतात. ते उतरवून मुंग्या आणि अंडी मीठ, मिरची, लसणासोबत वाटतात. तिचा आंबटपणा मुंग्यांतील फॉर्मिक आम्लाचा. ओडिशातील अशाच ‘सिमिलीपाल काई चटणी’ला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

फायदा काय?

कीटकांत प्रथिने, लोह, जस्त असते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१३ च्या अहवालानुसार, सुमारे २०० कोटी लोकांच्या आहारात कीटक आहेत आणि १,९०० हून अधिक प्रजाती खाल्ल्या जातात. गुरांचे वजन एक किलो वाढण्यासाठी सुमारे आठ किलो खाद्य लागते, तर तेवढ्याच कीटकांसाठी सुमारे दोन किलो खाद्य पुरते. कारण कीटकांना शरीर उबदार ठेवण्यासाठी ऊर्जा खर्चावी लागत नाही.

मग टोळ का नको?

कारण फवारणी. औषध लागलेला टोळ लगेच मरतोच असे नाही. उडून दुसऱ्या गावातही जातो. दिसायला धडधाकट टोळाच्या अंगातही विष असू शकते. धुऊन किंवा तळून ते जाईल याची खात्री नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. हे विष किती घातक, हे विदर्भाला वेगळे सांगायला नको.

सुरक्षित कोणते?

खाण्यासाठीच, माहितीच्या खाद्यावर वाढवलेले. युरोपीय संघाने २०२१ मध्ये पिवळ्या मीलवर्म अळीला, तर सिंगापूरने २०२४ मध्ये १६ प्रजातींना परवानगी दिली. कोळंबी, खेकड्याची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र कीटक टाळावेत. तोच त्रास होऊ शकतो.

भामरागडची चटणी चालते, कारण तिथल्या मुंग्या फवारणी नसलेल्या जंगलातील झाडांवरच्या असतात. शेतातले, रस्त्याकडेचे कीटक मात्र खाऊ नयेत.