निसटलेल्या पदकामागे धावणारी शाळा

8 ऑगस्ट 1984. लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधील महिलांची 400 मीटर अडथळ्यांची शर्यत. तिसरी आली रुमानियाची क्रिस्टियाना कोजोकारू, वेळ 55.41 सेकंद. चौथी भारताची पी. टी. उषा, वेळ 55.42 सेकंद. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो!

हे पदक नेमके कशाने गेले, यावर तेव्हापासून चर्चा होत आली आहे. अंतिम रेषेवर छाती पुढे झोकून देण्यात उषा कमी पडल्या, असे जाणकार म्हणतात. पण खुद्द उषा यांनी पुढे सांगितलेले कारण घरोघरच्या आयांनी ऐकावे असे आहे. तिथले परके जेवण घशाखाली उतरत नव्हते, म्हणून त्यांनी भाताची पेज आणि कैरीच्या लोणच्यावर दिवस काढले. शेवटच्या 35 मीटरांत अंगात त्राणच उरले नाही. ज्या शर्यतीकडे सारा देश डोळे लावून बसला होता, तिची तयारी अशी!

केरळमधील कोझिकोडजवळच्या पय्योली गावची ही मुलगी. घरची गरिबी, त्यात नाजूक प्रकृती. 1976 साली कन्नूरच्या मुलींच्या क्रीडा विभागात प्रवेश मिळाला आणि दरमहा 250 रुपयांची शिष्यवृत्ती. तिथे प्रशिक्षक ओ. एम. नंबियार यांची नजर या काटकुळ्या मुलीवर पडली. पय्योलीच्या समुद्रकाठच्या वाळूत त्यांनी तिला पळवले, घडवले. 1985च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 5 सुवर्णपदके आणि पुढच्याच वर्षी सोलच्या आशियाई खेळांत 4. लग्नानंतर, मुलगा झाल्यावरही उषा पुन्हा मैदानात उतरल्या आणि 1998 साली फुकुओकाहून पदके घेऊन आल्या. ऑलिम्पिक पदक मात्र राहिले ते राहिलेच.

2000 साली निवृत्ती घेतल्यावर एखादी स्वस्थ बसली असती. उषा यांनी मात्र 2002 साली कोयिलांडी येथे 'उषा स्कूल ऑफ अ‍ॅथलेटिक्स' सुरू केले. कल्पना साधीच. दहा-बारा वर्षांच्या चपळ मुली निवडायच्या, त्यांना आपल्याजवळ ठेवायचे, त्यांचा सराव, शिक्षण आणि ताटातले अन्न या तिन्हींकडे लक्ष द्यायचे. आपल्याला जे मिळाले नाही, ते या मुलींना मिळावे, एवढाच हट्ट.

हट्ट करणे सोपे, निभावणे कठीण. केरळ सरकारने किनालूर येथे 30 एकर जागा दिली, पण सिंथेटिक ट्रॅक कुठला? तिथल्या पावसाची ज्याला कल्पना आहे, त्याला मातीच्या ट्रॅकचे जून-जुलैत काय होते हे सांगायला नको. शिवाय मातीवर सराव करणाऱ्या मुलीला मोठ्या स्पर्धेत सिंथेटिक ट्रॅकवर धावायचे असते. दोन्हीवर पाय वेगळा पडतो, वेग वेगळा लागतो. शाळेला केंद्राच्या मदतीने स्वतःचा असा ट्रॅक मिळाला तो 2017 साली. पंधरा वर्षे! एवढ्या काळात मुलींची एक पिढी खेळून निवृत्तीला येते.

तरीही याच शाळेतून टिंटू लुका तयार झाली. कन्नूर जिल्ह्यातली ही मुलगी शाळेच्या सुरुवातीच्या तुकडीतली. 2010 साली तिने 800 मीटर 1 मिनिट 59.17 सेकंदांत पार करून शाइनी विल्सन यांचा 1995चा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2014च्या आशियाई खेळांत रौप्य, 2015च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण. 2012 साली लंडन ऑलिम्पिकमध्ये तिने उपांत्य फेरी गाठली, पण गाडी तिथेच अडली. शिष्येचे अपयश पाहणे हे स्वतः हरण्याहून अवघड असावे.

ओ. एम. नंबियार 2021 साली वारले. 2022 साली उषा भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. आणि ज्या पदकासाठी शाळा काढली, ते 2024च्या पॅरिसपर्यंत तरी किनालूरच्या एकाही मुलीच्या गळ्यात पडलेले नाही.