विश्लेषण : प्रोजेरियात शरीर वृद्ध होते, मग मेंदू का नाही?

दहाव्या वर्षी टक्कल, सुरकुतलेली त्वचा, आखडलेले सांधे आणि कडक झालेल्या रक्तवाहिन्या. तरीही प्रोजेरिया झालेले मूल शाळेत समवयस्कांच्या बरोबरीने शिकते. आर. बाल्की यांच्या ‘पा’ (२००९) चित्रपटातला, अमिताभ बच्चन यांनी साकारलेला ऑरो असाच हुशार दाखवला आहे. शरीर झपाट्याने वृद्ध करणारा हा आजार मेंदूला का सोडतो?

आजार कशामुळे होतो?

‘एलएमएनए’ या जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे. हा दोष २००३ मध्ये सापडला. तो बहुधा आईवडिलांकडून येत नाही, नव्यानेच घडतो. हे जनुक पेशीच्या केंद्रकाला आधार देणारे ‘लॅमिन ए’ हे प्रथिन बनवते. दोषामुळे त्याचे बिघडलेले रूप, म्हणजे ‘प्रोजेरिन’ तयार होते. ते केंद्रकाच्या आवरणाला चिकटून राहते आणि केंद्रकाचा आकार बिघडवते.

मेंदू कसा वाचतो?

याच जनुकापासून ‘लॅमिन ए’ आणि ‘लॅमिन सी’ अशी दोन प्रथिने बनतात. मेंदूतील चेतापेशींचे काम मुख्यतः ‘सी’वर चालते. तिथे ‘मायक्रो-आरएनए-९’ नावाचा छोटा रेणू ‘ए’ची निर्मिती रोखतो, त्यामुळे प्रोजेरिनही जवळजवळ बनत नाही. ही यंत्रणा २०१२ मध्ये उलगडली. म्हणूनच या मुलांमध्ये स्मृतिभ्रंश दिसत नाही.

मग मेंदूला धोका नाही?

आहे, पण तो रक्तवाहिन्यांकडून. त्यांच्या भिंतींतील पेशींना हे संरक्षण नसते. मानेतील आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या अरुंद होतात, मेंदूचा रक्तपुरवठा घटतो आणि बालवयातच पक्षाघात होऊ शकतो. काही झटके तर लक्षणांविना येतात आणि एमआरआयमध्येच दिसतात. उपचार न मिळाल्यास या मुलांचे सरासरी आयुष्य सुमारे साडेचौदा वर्षांचे असते. बहुतेक मृत्यू हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने होतात.

सर्वच अकाली वार्धक्यांत असेच होते?

नाही. ‘कॉकेन सिंड्रोम’मध्ये पेशींची डीएनए दुरुस्त करण्याची यंत्रणा बिघडते. त्यात मेंदूची वाढ खुंटते, चेतातंतूंवरील आवरण झिजते आणि मेंदूत कॅल्शियम साचते. दृष्टी आणि श्रवणशक्तीही कमी होत जाते.

उपाय काय?

नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘लोनाफार्निब’ला मान्यता दिली. प्रोजेरियावरील हे पहिले मान्यताप्राप्त औषध. ते प्रोजेरिनला केंद्रकाच्या आवरणाशी चिकटू देत नाही. त्याने आयुष्य सरासरी अडीच वर्षांनी वाढल्याचे दिसले, पण आजार बरा होत नाही. शरीरातील पाणी कमी होऊ न देणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन देणे, ही पक्षाघात टाळण्यासाठीची काळजी. हातापायात अचानक अशक्तपणा आला, बोलणे अडखळले किंवा चेहरा वाकडा झाला, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

चेहरा वृद्ध दिसला तरी या मुलाची समज त्याच्या वयाचीच असते. त्याची जागाही वयाला साजेशा वर्गातच असायला हवी.