विजेच्या गाडीचा धूर कोठे जातो?

1 जून 1948 रोजी पुणे-नगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली आणि 2022 साली त्याच तारखेला, त्याच मार्गावर, ‘शिवाई’ या नावाने एस.टी.ची विजेवरची बस सुरू झाली. आता जामखेडसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे रेल्वे नाही आणि दूध, बाजार, दवाखाना, कचेरी ही सारी कामे बहुतांशी दुचाकीवरच उरकावी लागतात, तेथेही विजेच्या स्कूटरी दिसू लागल्या आहेत. गाडी घेणारा प्रथम ‘अ‍ॅव्हरेज’ विचारतो, आणि ते रास्तच आहे. परंतु हे वाहन पर्यावरणास खरोखर हितकारक आहे काय, हा प्रश्नही तितक्याच बारकाईने तपासून पाहण्याजोगा आहे.

प्रथम धुराचा जमाखर्च मांडू. पेट्रोलची स्कूटर शंभर किलोमीटरला साधारणतः सव्वादोन लिटर इंधन खाते, आणि एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे 2.3 किलो कर्बवायू हवेत जातो. म्हणजे शंभर किलोमीटरमागे पाच किलो. विजेच्या स्कूटरला तेवढ्याच अंतरास सुमारे तीन युनिट पुरतात. तिच्या मागून धूर निघत नाही हे खरे, पण आपल्या देशातील सुमारे तीन-चतुर्थांश वीज अद्याप कोळशावर तयार होत असल्यामुळे दर युनिटमागे सरासरी सातशे ग्रॅमहून थोडा अधिक कर्बवायू कोठेतरी सुटतोच, आणि तारांतील गळती जमेस धरली तर ही बेरीज पावणेतीन किलोंच्या आसपास जाते. प्रदूषण निम्म्याच्या जवळपास उतरले. नाहीसे झाले नाही.

हे ‘कोठेतरी’ आपल्यापासून फार दूर नाही. बालाघाटाच्या डोंगररांगेतच पुढे परळीचे औष्णिक वीजकेंद्र उभे आहे. जामखेडच्या खर्डा चौकातील हवा स्वच्छ झाली तरी अशा केंद्राच्या परिसरातील लोकांच्या वाट्याची राख चुकत नाही. त्यातही आम्हां अवर्षणग्रस्त मुलखातील लोकांनी विसरू नये अशी गोष्ट ही की, कोळशाच्या विजेला पाणी लागते, अतोनात लागते, आणि 2015 साली पाण्याच्या टंचाईमुळे परळीचे केंद्र बंद ठेवण्याची पाळी आली होती. ज्या प्रांतात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, तेथे वाफेवर तयार झालेल्या विजेला स्वच्छ म्हणणे मला तरी मान्य नाही.

बॅटरीचे प्रकरण निराळे आहे. लिथियम, निकेल, कोबाल्ट ही द्रव्ये चिली, इंडोनेशिया, कांगो अशा दूरदेशींच्या भूमीतून उपसली जातात, आणि कांगोतील खाणींत लहान मुले राबतात ही जगजाहीर वेदना आहे. लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्यांत निकेल व कोबाल्ट लागत नाहीत, हा त्यातल्या त्यात दिलासा. स्कूटरची बॅटरी घडविताना दोन-अडीचशे किलो कर्बवायू सुटतो असे धरले, तरी सुमारे दहा हजार किलोमीटर धावल्यावर ते कर्ज फिटते. रोज तीस किलोमीटर फिरणाऱ्या दूधवाल्याचे ते वर्षभरात फिटेल. आठवड्यातून एकदा बाजारास जाणाऱ्याने मात्र आपली चालू स्थितीतील जुनी गाडी मोडीत काढून नवी घेण्यात पर्यावरणाचे विशेष हित नाही.

तेव्हा माझा निवाडा असा की, फार धावणाऱ्या वाहनासाठी, मग ती दूधवाल्याची दुचाकी असो वा एस.टी.ची बस, वीज निःसंशय श्रेयस्कर आहे. मात्र ती वीज सूर्याची असावी. आपल्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धीला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा आरंभ झाला, आणि शेतीपंपांना दिवसा सौरवीज देण्याची ती तजवीज पुढे राज्यभर पसरली. ऊन ही एकच संपत्ती अशी आहे की जिच्या बाबतीत जामखेडकर दरिद्री नाहीत. घरावर तीन किलोवॅटचा सौरसंच बसविणाऱ्यास 2024 च्या सूर्यघर योजनेत 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळते; ज्यांना शक्य आहे त्यांनी त्याचा लाभ घेऊन गाडी रात्रीऐवजी दुपारी चार्ज करावी. आणि बॅटरीचे आयुष्य सरल्यावर ती भंगारात घालू नये. 2022 च्या नियमांनी तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, म्हणून ती विक्रेत्याकडे परत द्यावी आणि त्याची पावती मागून घ्यावी.