सुईपासून सुरुवात

जुनं टर्नटेबल घरात आलं की त्यात सुधारणा काय करायची हा प्रश्न लगेच उभा राहतो, आणि बाजारात उत्तरांना तोटा नाही. कॉर्कची चटई, महागडी वायर, वेगळा पॉवर सप्लाय, कंपनं शोषणारे पाय, नवा टोनआर्म, आणि सगळ्यात शेवटी ‘हे विकून मोठं घ्या’ हा सल्ला. यातली एकेक गोष्ट कुठे ना कुठे उपयोगी पडतेही. पण क्रम चुकला की पैसे जातात आणि आवाज होता तिथेच राहतो. माझ्या मते हा क्रम ठरवायला एकच कसोटी पुरेशी आहे: रेकॉर्डच्या खाचेत सुई जिथे टेकते तिथून सुरुवात करावी आणि तिथून हळूहळू यंत्राकडे सरकावं. म्हणजे आधी मांडणी आणि सुई, मग कार्ट्रिज, मग फोनो प्रीअँप, आणि खुद्द टर्नटेबलचा नंबर सगळ्यांत शेवटी. बहुतेकांचा प्रवास नेमका उलट दिशेने होतो, म्हणून हे जरा सविस्तर मांडायला हवं.

उदाहरणाला टेक्निक्सचं एसएल-१२०० एमके २ घेऊ. जपानच्या मात्सुशिता कंपनीने मूळ एसएल-१२०० १९७२ मध्ये आणलं, एमके २ ही आवृत्ती १९७९ ची. २०१० मध्ये या मालिकेचं उत्पादन थांबलं आणि २०१६ मध्ये नव्या रूपात पुन्हा सुरू झालं. यात पट्टा नाही. मोटर थेट तबक फिरवते आणि क्वार्ट्झ स्फटिक तिचा वेग धरून ठेवतो. क्लबांमध्ये डीजेंनी वर्षानुवर्षं राबवलेली ही यंत्रं आजही सुरळीत चालतात, सुटे भाग मिळतात, आणि मांडणीच्या सगळ्या सोयी, म्हणजे हाताची उंची, वजन, अँटी-स्केटिंग, त्यावरच दिलेल्या आहेत. जुन्या यंत्राचा अभ्यास करायला याहून सोयीचं यंत्र मिळणं कठीण.

सुईच्या टोकाशी काय घडतं ते जवळून पाहिलं तर क्रमाचा प्रश्न निम्मा सुटतो. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, मग सुई कडेला असो की लेबलाजवळ. पण कडेचा फेरा मोठा, आतला लहान. त्यामुळे कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर शेवटच्या फेऱ्यांत जेमतेम २१ सेंटिमीटर. दहा हजार हर्ट्झची एक लहर कडेला ५१ मायक्रॉन लांबीत मावते आणि आत तीच २१ मायक्रॉनमध्ये कोंबलेली असते. आता साध्या, गोल टोकाच्या सुईची त्रिज्या सुमारे १८ मायक्रॉन. इतकं बोथट टोक २१ मायक्रॉनच्या वळणात शिरूच शकत नाही. ते वरून घसरत जातं. ‘स’, ‘श’ फुटतात, टाळांची किंवा तबल्याच्या चाटेची धार जाते. लंबवर्तुळाकार टोकाची बाजूची त्रिज्या सुमारे ८ मायक्रॉन असते, मायक्रोलिनिअर टोकाची सुमारे ३. फरक इथे आहे, आणि तो यंत्राच्या पायात किंवा वायरीत पैसे घालून भरून निघत नाही.

आपल्या संगीताला हा मुद्दा जास्त लागू पडतो. एलपीच्या एका बाजूला वीसेक मिनिटांचा एक राग असतो. विलंबित ख्याल कडेच्या ऐसपैस खाचांत वाजतो. द्रुत बंदीश आणि वेगवान ताना येतात त्या बाजूच्या अखेरीला, म्हणजे जिथे माध्यम सर्वांत दुबळं तिथे. गायकाचा आवाज शेवटी कर्कश होतो, तानेचे दाणे एकमेकांत मिसळतात, आणि दोष रेकॉर्डला दिला जातो. अनेकदा तो बोथट टोकाचा किंवा तिरक्या बसलेल्या कार्ट्रिजचा असतो.

म्हणून मांडणी. आधी भक्कम जागा: पावलांनी हलणाऱ्या लाकडी तक्तपोशीवर किंवा स्पीकर ठेवलेल्याच टेबलावर टर्नटेबल नको, भिंतीत ठोकलेली फळी उत्तम. मग तबकावर पाणसळ ठेवून चारही पाय फिरवून पातळी साधायची. नंतर कार्ट्रिज. हेडशेलच्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर अंतर ठेवा, असं टेक्निक्स सांगतं आणि त्यासाठी छोटं मापही देतं. या आकड्यावर जाणकारांमध्ये वाद आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. टोनआर्म एका टोकाला अडकवलेला असल्यामुळे तो कमानीत फिरतो. खाच कापणारं यंत्र मात्र सरळ रेषेत सरकलेलं असतं. म्हणजे सुई खाचेशी नेमकी समांतर असण्याच्या जागा अख्ख्या रेकॉर्डवर फक्त दोन. त्या कुठे असाव्यात याचं गणित स्वीडनच्या एरिक लॉफग्रेन यांनी १९३८ मध्ये मांडलं आणि बेअरवाल्ड यांनी १९४१ मध्ये ते पुढे नेलं. त्यानुसार त्या मध्यापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटरवर असाव्यात, म्हणजे सगळ्या बाजूभर विकृती कमीत कमी राहते. टेक्निक्सच्या मापाने त्या येतात सुमारे ५९ आणि ११३ वर. त्यामुळे पुष्कळ जण कार्ट्रिज तीनेक मिलिमीटर पुढे सरकवून बेअरवाल्डचं गणित साधतात. सरासरी म्हणून ते बरोबरही आहे. पण ज्याच्या संग्रहात ख्यालाच्या एलपी जास्त, त्याने कंपनीचंच माप ठेवावं असं मला वाटतं. त्यात मधल्या भागात थोडी विकृती वाढते, पण द्रुताचा शेवट, जिथे चुकीला जागाच नाही, तिथे सुई जवळजवळ नेमकी बसते. गणित तेच, ऐकायचं काय ते वेगळं.

वजनाबद्दल एक समज इतका पक्का आहे की त्याला उत्तर द्यायलाच हवं: सुईचा भार जितका कमी तितकी रेकॉर्ड जास्त टिकते. वरवर हे पटतं. दोन ग्रॅमचा भार दोन इवल्या ठिपक्यांवर पडतो, आणि दाब मोजला तर तो चौरस सेंटिमीटरला काही टन भरतो. तरीही भार फार कमी केला की सुई खाचेच्या भिंती सोडून उडते आणि पुन्हा आदळते. जोरदार तानेत येणारी चरचर हीच. या आदळण्याने खाच कायमची खराब होते, मग पुढे कितीही चांगली सुई लावा. ऑर्टोफोनचं २एम रेड घेतलं तर कंपनी १.६ ते २ ग्रॅमची मुभा देते आणि १.८ ची शिफारस करते. भार नेहमी या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात ठेवावा. एमके २ वर आधी अँटी-स्केटिंग शून्यावर आणायचं, मागचं वजन फिरवत हात अधांतरी तरंगेल इथवर आणायचं, वजनाला हात न लावता आकड्यांची कडी शून्यावर फिरवायची आणि मग वजन व कडी एकत्र पुढे घ्यायची. शेवटी छोट्या डिजिटल काट्यावर भार तपासून घ्यावा. अँटी-स्केटिंग सुरुवातीला भाराच्या आकड्याइतकं ठेवलं की झालं. हाताची उंची अशी ठेवायची की रेकॉर्ड वाजताना तो बाजूने पाहता तबकाला समांतर दिसेल. यापुढची बारीक कुसर कानाला क्वचितच जाणवते.

मांडणी झाली की पहिला खर्च सुईचा. वापरलेल्या यंत्राबरोबर आलेल्या सुईने किती तास काढलेत हे कोणालाच माहीत नसतं. ऑडिओ-टेक्निका आपल्या सुयांचं आयुष्य स्वतःच सांगते: गोल टोक ५०० तास, लंबवर्तुळाकार ३००, शिबाता ८००, मायक्रोलिनिअर १०००. तीनशे तास म्हणजे वीस मिनिटांच्या नऊशे बाजू; रोज दोन एलपी ऐकणाऱ्याच्या घरात एवढ्या बाजू आठ महिन्यांत होतात. झिजलेल्या टोकाला सपाट कडा पडतात आणि त्या खाच खरवडतात. त्याच कंपनीच्या व्हीएम९५ मालिकेत कार्ट्रिजचं शरीर एकच, सुया वेगवेगळ्या: गोलपासून मायक्रोलिनिअरपर्यंत कोणतीही त्याच शरीरात बसते. ऑर्टोफोनच्या २एम रेडच्या जागी ब्लूची सुईही तशीच बसते. यंत्राला हात न लावता, पुन्हा मोजमाप न करता, कोणत्याही दुसऱ्या खर्चाने मिळणार नाही एवढा फरक इथे मिळतो.

याला एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. स्कॉटलंडमधल्या लिन कंपनीचे संस्थापक आयव्हर टीफेनब्रुन यांनी १९७० च्या दशकात ठामपणे मांडलं की जे सुरुवातीलाच हरवलं ते पुढे कुठलाच अँप्लिफायर किंवा स्पीकर परत आणू शकत नाही. म्हणून पैसा आधी टर्नटेबलवर खर्च करा. त्यांचं एलपी१२ हे यंत्र याच विचाराचं फळ, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या एलपी१२ ला आजही नवे भाग बसवता येतात. विचाराचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. पण सुरुवात कुठे होते? मोटरमध्ये नव्हे, खाचेत. एलपी१२ स्वतःच त्याचा दाखला आहे: त्याचा आतला सांगाडा तीन स्प्रिंगांवर लोंबतो, त्या नीट साधल्या नाहीत तर महागडं यंत्र सामान्य वाजतं, आणि त्यासाठी तयार विक्रेते लागतात. म्हणजे तिथेही निकाल मांडणीच लावते.

शिवाय चांगल्या यंत्राचा दोष मुळात किती, हेही मोजून पाहावं. एमके २ च्या वेगातली थरथर ०.०२५ टक्के दिली जाते. आता एखाद्या एलपीचं भोक फक्त अर्धा मिलिमीटर मध्यापासून सरकलेलं असेल, तर १०० मिलिमीटरच्या फेऱ्यावर वेग दर १.८ सेकंदाला अर्धा टक्का वर-खाली होतो. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्या तरी अंतर वीसपटीच्या घरात आहे. स्वरात हा हेलकावा दोन्ही बाजूंना अर्धस्वराच्या सुमारे बाराव्या भागाइतका. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या गलक्यात तो लपतो. तानपुऱ्याच्या अखंड षड्जापुढे लपत नाही. सुई टेकवून बाजूने पाहिलं तर अशा रेकॉर्डवर हात डावी-उजवीकडे झुलताना दिसतो. मोटर किंवा पॉवर सप्लाय बदलून यावर काहीच इलाज होत नाही. मात्र पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या यंत्राचा पट्टा सैल झाला असेल किंवा बेअरिंग कोरडं पडलं असेल, तर ती दुरुस्ती आधी करायला हवी. ती दुरुस्ती आहे, सुधारणा नव्हे.

कार्ट्रिज बदलायचं तर किमतीआधी जुळणी पाहावी. हाताचं वजन आणि सुईचा लवचिकपणा मिळून एक नैसर्गिक कंपन ठरतं, आणि ते ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान पडावं. खाली वाकड्या रेकॉर्डची आणि पावलांची हालचाल असते, वर संगीत. एमके २ चा हात १२ ग्रॅमचा, २एम रेड ७.२ ग्रॅमचं, लवचिकपणा २०. हिशेब ८ हर्ट्झच्या आसपास येतो: चालेल, पण काठावर. डेनॉनचं डीएल-१०३ नावाजलेलं आहे, पण त्याची सुई ताठ; त्याला जड हात हवा. शिवाय त्यातून सुमारे ०.३ मिलिव्होल्ट निघतात, तर २एम रेडमधून ५.५. साध्या फोनो प्रीअँपला ०.३ पुरत नाहीत. हा प्रीअँप नुसता आवाज वाढवत नाही: १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए वक्रानुसार रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि तार वाढवलेला असतो, तो इथे उलटा फिरवावा लागतो. अँप्लिफायरमध्ये बरा फोनो विभाग असेल तर वेगळा घ्यायची घाई नको. गुणगुण ऐकू आली, तर आधी यंत्राची वेगळी अर्थिंगची तार अँप्लिफायरच्या स्क्रूला घट्ट लावली आहे का ते पाहावं.

परदेशातल्या नातेवाइकांकडून यंत्र येणार असेल तर मागची पट्टी वाचायलाच हवी. जपानी यंत्र १०० व्होल्टचं, अमेरिकी १२० चं. आपल्या प्लगात सरळ लावलं तर जळेल. एमके २ ला वीज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर पुरतो, कारण वेग क्वार्ट्झ ठरवतो. पण साध्या सिंक्रोनस मोटरची अमेरिकी पट्ट्याची यंत्रं ६० हर्ट्झवर वेग धरतात. आपल्या ५० हर्ट्झवर ट्रान्सफॉर्मर लावूनही ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे मिळतात. त्यांना वेगळी पुली लागते.

आणि घरात बालगंधर्वांच्या काळातल्या ७८ च्या तबकड्या असतील तर एमके २ कामाचं नाही. त्यात ७८ चा वेगच नाही. नव्या एसएल-१२०० जी आणि जीआरमध्ये तो आहे. त्या तबकड्यांची खाच रुंद, म्हणून सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येची वेगळी सुई लागते. एलपीची सुई खाचेच्या तळाशी जाऊन धूळ वाजवते. धुण्याची रीतही वेगळी. कोकणातल्या दमट हवेत एलपीवर बुरशी धरली तर डिस्टिल्ड पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने पुसावं. ७८ ची तबकडी लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. तिला नुसतं डिस्टिल्ड पाणी, तेही लेबल कोरडं ठेवून.