एदिर्नेचे यहुदी आणि रूमींचे दरवेश

फिल्मी चालीवर नात म्हणावी का, यावर आपल्याकडे अधूनमधून वाद रंगतो. असाच वाद चारशे वर्षांपूर्वी यहुद्यांमध्येही झाला होता. इस्राएल नजारा हा कवी तुर्की-अरबी गाण्यांच्या चालींवर हिब्रू हम्द बांधायचा. त्याचा संग्रह 1587 साली सफेद शहरात छापला गेला. काही धर्मपंडितांना हे रुचलं नाही, पण लोकांनी गाणं काही सोडलं नाही.

तुर्कस्तानातल्या एदिर्ने शहरात याच वळणाची 'मफ्तिरीम' ही गायक मंडळी होती. शब्बाथला वाद्य वाजवायचं नाही, म्हणून शनिवारी सकाळी प्रार्थनेआधी सगळे मिळून नुसत्या गळ्यावर गायचे. कलाम हिब्रू, मकाम मात्र उस्मानी. (मकाम म्हणजे ढोबळमानाने आपला राग.) मौलाना रूमींच्या सिलसिल्यातले दरवेश सिनेगॉगमध्ये ऐकायला यायचे आणि यहुदी गवय्ये खानकाहत जायचे, असं तिथली जुनी मंडळी सांगत. हे वाचून आम्हालाही नवल वाटलं. शाळेच्या पुस्तकात आम्ही उस्मानी सुलतानांच्या लढायाच शिकवत आलो!

पुढे ही उठबस मोडली. 1925 मध्ये तुर्की सरकारने खानकाह बंद केल्या. 1934 मध्ये थ्रेस भागात यहुद्यांवर हल्ले झाले आणि एदिर्नेतली अनेक कुटुंबं इस्तंबूलला गेली. तिथलं मोठं सिनेगॉग 2015 मध्ये दुरुस्त होऊन उघडलं, पण शहरात यहुदी जवळजवळ उरलेच नाहीत. मफ्तिरीम ऐकायचं तर आता इस्तंबूल गाठावं लागतं.