लेस्टरचा फुकटातला हिरा

फुटबॉल संघ तळाला गेला की चाहत्यांची एकच ओरड: स्ट्रायकर आणा! माझं मत, आधी डोकं शांत ठेवणारा, करार संपलेला मिडफिल्डर गाठा.

२०१४ मध्ये लेस्टरने इंटर मिलान सोडलेला ३४ वर्षांचा मिडफिल्डर काम्बियासो घेतला. एप्रिल उजाडला तरी संघ तळालाच. मग वेस्ट हॅमविरुद्ध पहिला गोल त्याचा, सामना २-१. तिथून ९ पैकी ७ विजय आणि थेट १४वा क्रमांक!

२०२२ मध्ये ब्रेंटफर्डला मिडफिल्डर एरिक्सन असाच फुकटात लाभला.

फुकट म्हणजे फक्त ट्रान्सफर फी वाचते हं; पगार दणकून मागतात. पण ट्रान्सफर विंडो बंद होण्याआधी करार संपला असेल, तर असा खेळाडू सहसा नंतरही घेता येतो.